खोक्यावर छापलेलं 'वॉटरप्रूफ'

त्या गाडीवाल्याने काच अर्धीच खाली केली. बाहेर पाऊस होता, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर भाजलेली कणसं होती, ती भिजली असती. मी रस्त्याकडेच्या चरात पडले होते. सायकल अंगावर, पाय चिखलात, कोपरातून रक्त येत होतं. त्याच्या गाडीचा आरसा माझ्या हँडलला लागला होता. तो मला म्हणाला, "आंटी, मागे लाइट लावत जा ना. काही दिसत नाही इकडे."

लाइट लावलेला होता. कंपनीच्या गेटमधून निघतानाच मी तो लावते. पण मी हे सांगेपर्यंत काच वर गेली आणि गाडी लोणावळ्याच्या दिशेने धुक्यात दिसेनाशी झाली. मी चरातच बसून सायकल उलटी केली आणि मागचा लाइट बघितला. लाल काचेच्या आत पाणी साचलं होतं आणि आतला दिवा विझत आलेल्या विडीएवढा उरला होता. गाडीवाला उद्धट होता, पण काही दिसत नाही हे तो खरं बोलला होता. मला त्याचा जास्तच राग आला.

त्या लाइटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' छापलेलं होतं.

मी तळेगावच्या एमआयडीसीत रबरी सील बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर रबराच्या गोल कड्या भिंगाखाली धरायच्या, कुठे चीर आहे, कुठे फुगवटा आहे ते बघायचं आणि खराब माल बाजूला काढायचा. माहेर तळेगावचं, सासर कामशेतच्या पुढे वडिवळ्याच्या बाजूला. सासरी भाताची शेती आहे आणि नवरा देहूरोडला डेपोत नोकरीला आहे. तो लोकलने जातो, मी सायकलने. गाडी चालवता येत नाही म्हणून नाही, मला सायकल आवडते म्हणून. हे कारण कुणालाच पुरेसं वाटत नाही.

घरी नवऱ्याने कोपर धुवून दिलं आणि नेहमीचं वाक्य ऐकवलं. "तुला किती येळा सांगितलं, पावसात सायकल न्हाई न्यायची."

"मी पडले नाही," मी म्हटलं. "मला पाडलं. सांगायचं तर त्याला सांगा."

"त्यो कुटं सापडायचा आता?"

"म्हणून मला सांगता का?"

 तसा तो वाईट माणूस नाही. आमच्या भागातल्या बचाव पथकात तो पाणबुड्याचं काम करतो. धरणात, धबधब्याच्या डोहात कुणी बुडालं की पोलिसांचा फोन पथकाला येतो आणि पथकाचा याला. त्याचे पैसे मिळत नाहीत. पावसाळ्यात आमचा एकही रविवार आमचा नसतो. लोक इथे मजेला येतात आणि त्यांच्या मजेचा शेवट आमच्या घरच्या माणसांना तळातून वर काढावा लागतो. पण हा राग जुना आहे. त्या वर्षीचा राग वेगळा होता.

कोपर बरं झाल्यावर आम्ही दोघं लाइट घ्यायला चिंचवडला गेलो. पहिल्या दुकानातल्या माणसाने मला विचारलंच नाही. नवऱ्याकडे बघत म्हणाला, "मॅडमसाठी का? हा घ्या, गुलाबी. हलका आहे, लेडीज जास्त हाच नेतात."

मी विचारलं, "पावसात चालेल?"

"वॉटरप्रूफ आहे." हेही त्याने नवऱ्यालाच सांगितलं.

"म्हणजे किती? शिंतोडे उडाले तर की धो धो पावसात तासभर?"

"मॅडम, वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ. पूर्ण."

"उघडून दाखवा. आतलं सील बघायचंय."

"उघडलं की वॉरंटी जाते."

न उघडणाऱ्या वस्तूची वॉरंटी आणि न तपासलेल्या मालाचं पूर्ण वॉटरप्रूफ! आमच्या कारखान्यात अशी भाषा केली तर सुपरवायझर दारातून बाहेर काढेल. मी तो गुलाबी लाइट काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडले. नवरा दुकानदाराकडे बघून ओशाळं हसला आणि माझ्या मागे आला. त्या हसण्यावरून आम्ही बसस्टॉपपर्यंत भांडलो.

दुसऱ्या दुकानात एक मुलगी काउंटरला होती. तिने न कुरकुरता झाकण फिरवून उघडलं. आत खोबणीत बसलेली रबरी कडी होती, नीट तेलकट, कुठे दुमडलेली नाही. चार्जिंगचं भोक नव्हतं. सेल बाहेर काढून चार्ज करायचे. लाइटची काच दोन्ही कडांनाही उजळत होती, म्हणजे बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्यालाही तो दिसला असता. नुसता लुकलुकणारा लाइट गाडीवाल्याला दिसतो, पण सायकल किती लांब आहे हे त्याला पटकन कळत नाही. म्हणून मी दोन घेतले. स्थिर जळणारा सीटखाली आणि लुकलुकणारा हेल्मेटला. घरी आल्यावर दोन्ही पेटवून बादलीत बुडवले आणि वर दगड ठेवला. सकाळपर्यंत ते पाण्यात लाल जळत होते. सासूबाईंनी न्हाणीत डोकावून विचारलं, "ह्ये काय देवाचं हाय का?"

त्याच सुमारास पथकाला देणगी मिळाली.

शहरातल्या एका मोठ्या कंपनीच्या समाजकार्य विभागाने पथकाला पाण्याखाली वापरायच्या बॅटऱ्या दिल्या. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. कामशेतच्या एका मंगल कार्यालयात समारंभ झाला. शाल, नारळ, फलक, फोटो. फलकावर 'बचाव पथकास अत्याधुनिक उपकरणे' असं लिहिलं होतं आणि प्रत्येक बॅटरीवर कंपनीचं नाव कोरलेलं होतं. पथकाचे प्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते भाषणात गहिवरले. त्यांचं गहिवरणं खोटं नव्हतं. आजवर या पथकाला लोकांनी शब्दांपलीकडे काही दिलं नव्हतं.

नवरा त्यातली एक बॅटरी घरी घेऊन आला आणि लहान मुलासारखा तिचा झोत भिंतीवर मारून बघू लागला. सगळी भिंत उजळली. मी ती हातात घेतली. बाजूला चार्जिंगचं भोक आणि त्यावर रबराची एक पातळ जीभ. नखाने ढकलली की आत-बाहेर हलत होती. चालू करायचं बटण दाबायचं होतं आणि त्यावरही तसलंच पातळ रबर. पाणी खोल गेलं की दाबतं. ते बटणही दाबणार आणि ही जीभही.

"ही पाण्यात न्यायची नाही," मी म्हटलं.

"खोक्यावर लिवलंय की."

"माझ्या लाइटच्या खोक्यावरही लिहिलं होतं."

तो हसला. "धर्माच्या गाईचे दात मोजत नसत्यात."

"गाय घरात बांधायची असते. ही घेऊन तुम्ही तळाला जाणार."

तो म्हणाला, आबांना वाईट वाटेल, देणाऱ्याला वाईट वाटेल. मी म्हटलं, मला वाटेल त्याचं काय? 

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी ती बॅटरी पेटवली, कांद्याच्या जाळीदार पिशवीत दगडासोबत घातली, दोर बांधला आणि आमच्या विहिरीत सोडली. विहीर काठोकाठ भरलेली होती. उजेड हिरवा होत खाली गेला. थोडा वेळ तळाशी स्थिर राहिला. मग पिवळा पडला, दोनदा थरथरला आणि गेला. वर ओढली तेव्हा काचेच्या आत पाणी हलत होतं आणि मूठ हाताला गरम लागत होती.

मी तशीच ओल्या हातांनी आबांच्या घरी गेले. नवराही मागून आला. आबांनी बॅटरी कानाशी धरून हलवली, आतलं पाणी ऐकलं.

"एखादी असती खराब," ते म्हणाले. "समदा माल वाईट असंल असं न्हाई."

"बाकीच्याही सोडून बघू, आबा. आत्ता."

"बघू. आयतवार होऊ दे. लय गर्दीचा आयतवार हाय."

गर्दीचा रविवार होता म्हणूनच आधी बघायला हवं होतं. मी हे बोलले, आणि आवाज चढवून बोलले. आबांच्या सूनबाई पदर सावरत दारात आल्या. नवऱ्याने माझा दंड धरला. 

रविवारी दुपारी फोन आला. धरणात एक तरुण बुडाला होता. मित्र मोबाईलवर व्हिडिओ काढत होते आणि याने खडकावरून उडी मारली होती. नवरा निघाला. मी त्याच्या मागे गेले, कारण पिशवीत त्याने देणगीतलीच दुसरी एक बॅटरी टाकली ते मी बघितलं होतं. जुनी चांगली बॅटरी पथकात एकच होती आणि ती त्याच्या जोडीदाराकडे होती. जोडीदाराचं कामशेतला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोघं नेहमी बरोबर बुडी मारतात.

काठावर मी म्हटलं, "ही नका नेऊ."

"दुसरी हाय का?" नवऱ्याने विचारलं. "न्हाई ना? मंग बाजूला हो."

सगळ्यांच्या देखत 'बाजूला हो'. मी झाले.

पावसाळ्यात धरणाचं पाणी चहासारखं असतं. पुरुषभर खाली गेलं की हात दिसत नाही, आणि तळाला बुडालेली झाडं, जुने बांध, कोळ्यांची तुटलेली जाळी असतात. दोघं दोर बांधून उतरले. काठावर आबांनी दोर धरला होता. आमच्या मागे छत्र्या घेऊन लोक उभे होते आणि त्यांच्यातले कितीतरी जण पुन्हा मोबाईल वर धरून होते. एकाने मला सांगितलं, "थोडं साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." मी त्याच्याकडे वळले आणि काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या तळेगावच्या घरात तसे शब्द वापरत नाहीत. ते मी सासरी शिकले.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. पांढरा शर्ट चिखलाने भरलेला. बुडालेल्या मुलाचे वडील होते. मुलगा मित्रांबरोबर पुढे आला होता आणि हे मागून निरोप मिळताच आले होते. त्यांनी मला विचारलं, "आत गेलेत त्यात तुमचं कुणी आहे का?"

"नवरा."

त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्यांना सांगा, जपून. माझा तर गेलाच आहे."

त्या मुलावर मी दिवसभर मनातून चिडले होते. उडी मारायला कुणी सांगितलं होतं, असं. त्या वडिलांसमोर ते सगळं गळून पडलं. मी त्यांचा हात धरला.

दोराला झटके बसले. ठरलेले नव्हते, वेडेवाकडे. आबांचा चेहरा बदलला. "अडाकला," ते म्हणाले. त्यांनी दोर ओढला, पण तो येईना. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की त्या वडिलांनी आता माझा हात धरला होता.

मग पाण्यावर दोन डोकी आली. जोडीदाराने नवऱ्याला काखेत धरलं होतं. नवऱ्याच्या पायाभोवती निळ्या जाळ्याचा तुकडा होता आणि पोटरी फाटली होती. काठावर ओढल्यावर तो खोकला, ओकला आणि बोलला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बॅटरी गेली."

बॅटरी विझल्यावर अंधारात तो उलट्या दिशेला वळला आणि बुडालेल्या झाडावरच्या जाळ्यात गेला. जोडीदाराला लगेच कळलं, कारण शेजारचा उजेड नाहीसा झाला. त्याने आपल्या जुन्या बॅटरीच्या उजेडात त्याला शोधलं आणि जाळं कापलं. जुनी बॅटरीही बंद पडली असती तर? हा प्रश्न मी त्या दिवसापासून कुणालाही मोठ्याने विचारलेला नाही.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला. दुसऱ्या गावच्या पथकाने काढला. वडिलांनी नवऱ्याला हात जोडले, आणि नवरा लंगडत उठून त्यांच्या पाया पडला.

मी रजा टाकली, धरणात विझलेली ती बॅटरी पिशवीत घातली आणि शहरात त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. बराच वेळ बसवून ठेवल्यावर समाजकार्य विभागातला एक नीटनेटका तरुण आला. मी त्याच्या टेबलावर बॅटरीचं झाकण उघडलं. तपकिरी पाणी टेबलाच्या काचेवर पसरलं.

"मॅडम, हे काय करताय?"

"तुमचं उपकरण. अत्याधुनिक."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली, टिश्यूने टेबल पुसलं. मग म्हणाला, "खूप वाईट वाटलं. आम्ही दुसरी पाठवतो."

"कुठली दुसरी?"

"हीच. व्हेंडर एकच आहे आपला."

"ही कुणी निवडली?"

"व्हेंडरने कॅटलॉग दिला होता. त्यातून वरून फायनल झालं."

"कुणी एकदा तरी पाण्यात घालून बघितली? बादलीत?"

"बादलीत?" त्याने असं विचारलं, जणू मी त्याला नदीवर धुणं धुवायला सांगितलं होतं.

मग त्याचे साहेब आले. ते फार गोड बोलले. "ताई, चांगलं करायला गेलं तरी लोक बोलतातच. आमची भावना बघा."

मी म्हटलं, "तुमची भावना माझ्या नवऱ्याच्या हातात विझली. तळाला असताना."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मीही उठले. पण दारापर्यंत जाऊन परत वळले आणि फलकाचा फोटो तुमच्या फेसबुकच्या पानावरून काढा असं सांगितलं. तो त्यांनी काढलेला नाही. मी अधूनमधून बघते. आबा त्यात अजून गहिवरलेले आहेत.

मी घरी पोचायच्या आधी त्यांचा फोन आबांना पोचला होता. आबा आमच्या ओसरीवर बसले होते, रागाने लाल.

"तू तितं जाऊन काय बोललीस? मान्सं परत उभी करतील का आपल्याला?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला. पोटरीला टाके होते, पाय खुर्चीवर ठेवलेला. "खरं त्येच बोलली, आबा. मी हितं ऐकलं असतं तर तिला तितं जाया लागलं नसतं."

तोपर्यंत तो एकदाही असं बोलला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला त्याचाही रागच आला. हे काठावर का नाही म्हणालात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तवा उजेड चालू हुता." आबांना नाइलाजाने हसू आलं. मला नाही आलं.

मग आबाच म्हणाले, "आण त्यो दोर."

उरलेल्या सगळ्या बॅटऱ्या आम्ही त्याच संध्याकाळी विहिरीत सोडल्या. आबा कठड्यावर वाकून बघत होते. एकेक उजेड खाली जाऊन विझत होता आणि प्रत्येक वेळी आबा तोंडाने 'च्' करत होते. शेवटची बराच वेळ तगली. आबांच्या चेहऱ्यावर आशा आली. मग तीही गेली. आबा कठड्यावरून उठले आणि घरी निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या दुकानात मला बी ने."

नव्या बॅटऱ्या आम्ही निवडल्या, मी, आबा आणि जोडीदार. गावागावातून वर्गणी झाली, एका वेळी एकच घ्यायची असं ठरलं. दाबायचं बटण नको, फिरवायचा खटका हवा. चार्जिंगचं भोक नको. झाकणाला दुहेरी कडी हवी. मनगटाला अडकवायचा पट्टा हवा. आणि भिंत उजळणारा पसरट उजेड तर मुळीच नको, कारण गढूळ पाण्यात तो सगळा उलट तोंडावर येतो, धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर येतो तसा. बारीक, टोकदार झोत हवा. आणि प्रत्येकाकडे दोन. एकजण तर म्हणाला, दोन म्हणजे चैन. आबांनी त्याला नवऱ्याची पोटरी दाखवली.

बुडी मारून आल्यावर बॅटरी स्वच्छ पाण्यात धुवायची, कडी पुसायची, केस किंवा वाळूचा कण असेल तर काढायचा आणि मग बोटाने ग्रीस लावायचं. हे काम मी पथकातल्या माणसांच्या बायकांना शिकवलं. पुरुष कंटाळा करतात म्हणून नव्हे, आत कुणाचं माणूस जातंय हे बायकांच्या हाताला माहीत असतं म्हणून. आता पथकात कुठलीही वस्तू आधी आमच्या विहिरीत एक रात्र काढते. सासूबाई पाणी भरायला गेल्या की तिथूनच ओरडून सांगतात, "जळतीया अजून."

माझा राग कमी झाला का, असं माहेरी विचारतात. नाही झाला. जुन्या हायवेवर सायकलला अजून जागा नाही. धरणावर अजून मोबाईल वर धरलेले असतात. नवरा अजून जातो आणि मी अजून अडवत नाही, याचाही मला राग येतो.

गेल्या महिन्यात शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला. आबा आमच्याकडेच चहाला बसले होते. पलीकडचा माणूस लाइफ जॅकेट द्यायची म्हणत होता आणि समारंभाची तारीख विचारत होता. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आदी एक पाठवा. आमी मानूस घालून पान्यात सोडून बघतो. तरंगलं तर मंग नारळ फोडू."

 मग तो माणूस म्हणाला, वरिष्ठांशी बोलून कळवतो.

कळवलं नाही. दोन-चार दिवसांनी आबांनी फोन चाळून बघितला आणि म्हणाले, "रुसले वाटतं."

"रुसू द्या," मी म्हटलं.